घरात पाणी शिरलं, पैसे महापालिका देते की तहसील? (नागपूर)

लेआऊटवासी:
नमस्कार मंडळी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काय झालं ते टीव्हीवर पाह्यलंच असेल, काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो अन् नाग नदी सरळ रस्त्यावर. आमचं घर नदीपासून दोन गल्ल्या आत, तरी तळमजल्यावर कमरेइतकं पाणी. फ्रीज, वॉशिंग मशीन, दिवाण, गाद्या, वर्षाचे गहू भरलेल्या कोठ्या, सगळं गेलं, कार बोनेटपर्यंत बुडाली ते वेगळंच. आता घोषणा झाली की घरटी १० हजार, दुकानाला ५० हजारापर्यंत, टपरीला १० हजारापर्यंत. पण हे देणार कोण? शेजारचे काकाजी म्हणतात महापालिकेच्या झोन ऑफिसात अर्ज दे, दुसरे म्हणतात तहसीलमध्ये जा, तिसरे म्हणतात नगरसेवकाला धर. नगरसेवक आणू कुठून, मार्च २०२२ पासून प्रशासकच कारभार पाहून राहिले.

अजून एक. आमच्या मागच्या खोलीत एक भाडेकरू मुलगी राहते, नर्सिंग करते, तिचं कपड्यांपासून पुस्तकांपर्यंत सगळं भिजलं. तिच्या नावावर ना इथलं रेशनकार्ड ना लाइट बिल. तिला काही मिळेल का? अन् घर टॅक्समध्ये सूट वगैरे असते का अशा वेळी? कोणाला माहीत असेल तर सांगा प्लीज.

रिटायर्ड_कारकून:
महसुलात नोकरी झाली म्हणून सांगतो. हा पैसा महापालिकेचा नाही. आपत्तीचा पैसा राज्य सरकारकडून कलेक्टरकडे, तिथून तहसीलदाराकडे आणि मग तुमच्या बँक खात्यात. शहरात तलाठी कमी पडतात म्हणून पंचनाम्याला महापालिकेची माणसं सोबत देतात, त्यामुळे लोकांना वाटतं झोनच पैसे वाटतो. तेव्हा काकाजींना सांगा, झोनमध्ये अर्ज देऊन नुसती पोच मिळेल, खरा कागद पंचनामाच.

आता १० हजार आले कुठून ते ऐका. केंद्राच्या २०२२-२६ च्या निकषात कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५०० असे ५ हजार बसतात, तेही घर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात असलं तर. राज्याने याच पावसाळ्यात ते ५ चे १० केले. नागपुरात पाणी काही तासांत उतरलं, दोन दिवसांची अट धरली असती तर अख्ख्या शहरात कोणीच बसलं नसतं! म्हणून आता घरात पाणी शिरलं की नाही एवढंच बघतायत. फ्रीज-टीव्हीची किंमत यात कुठेच नाही, गाडी तर अजिबातच नाही. भिंत पडली असेल तर मात्र तो वेगळा विषय, पक्क्या घराचं १५ टक्के तरी नुकसान असेल तर ६,५००, पूर्ण पडलं तर १ लाख २० हजार हा केंद्राचा दर. तुमची कंपाउंड वॉल पडली असली तर ती त्यात नाही, उगाच आशा ठेवू नका.

त्या मुलीबद्दल, हे कपड्या-भांड्याचे पैसे तिथे राहणाऱ्या कुटुंबाचे असतात, घरमालकाचे नाहीत. ती एकटी असली तरी तिची चूल वेगळी आहे हे पंचनाम्यात लिहून यायला पाहिजे. आधार, भाडेकरार असला तर तो, नसला तर तुमचं घरमालक म्हणून लेखी आणि शेजारच्या दोघांच्या पंच म्हणून सह्या. टीम आली की एका घर नंबरवर एकच नाव लिहायची घाई असते, तिथेच अडवा. सही करायच्या आधी कागद वाचा, आणि खाते नंबर, आयएफएससी पासबुकसमोर धरून ताडून बघा, आमच्या वेळी निम्म्या तक्रारी एका चुकलेल्या आकड्याच्या असायच्या.

कृष्णाकाठची_सून:
आम्ही सांगलीचे, पुराचे जुने गिऱ्हाईक 😅 २०१९ ला आयर्विन पुलाजवळ ५७ फुटाच्या वर गेलं होतं पाणी, धोक्याची पातळी ४५ फूट, म्हणजे बघा. आठवडाभर घरात पाणी होतं. तेव्हा शहरात १५ हजार आणि खेडेगावात १० हजार दिलेले, त्यातले ५ हजार रोख आणि बाकीचे खात्यावर. २०२१ ला परत पूर आला तेव्हा सगळीकडे १० हजार.

ताई/दादा जे असाल ते, पैशाचं वरच्या काकांनी सांगितलंच आहे, मी महापालिकेकडून काय मागायचं ते सांगते. गाळ. गाळ ओला आहे तोवर उचलला तर उचलला, एकदा वाळला की कुदळीनं फोडावा लागतो आणि ड्रेनेज पण त्यानंच तुंबतं. आमच्याकडे २०१९ ला बाहेरच्या महापालिकांच्या टीमा आलेल्या सफाईला, तेव्हा कुठं गल्ल्या दिसायला लागल्या. घराघरातनं काढलेलं फर्निचर, गाद्या रस्त्यावर पडतात आणि तीन दिवसांत तो वास, विचारू नका वो. तर गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून एकच यादी करायची, टिप्पर कुठं लावायचा, जेसीबी कुठं आत येत नाही, कुठल्या घरी एकटी म्हातारी माणसं आहेत, आणि ती झोनच्या आरोग्याच्या माणसाकडं द्यायची, एकेकट्यानं फोन करून काही होत नाही. विहीर, जमिनीतली टाकी उपसून घ्या आणि टीसीएल (ब्लिचिंग पावडर) मागून घ्या. पायाला जखम असून चिखलात फिरला असाल तर लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस, घाण पाण्यातनं होणारा ताप) गोळीबद्दल डॉक्टरला विचाराच.

पण सामान बाहेर टाकायच्या आधी फोटो!! भिंतीवरची पाण्याची रेघ पुसू नका, तिथं मेजर टेप धरून फोटो काढा, पंचनाम्याला कोण दहा दिवसांनी आलं तर दाखवायला काहीतरी पाहिजे ना.

बर्डीकर:
मला एक समजत नाही, सरसकट १० हजार म्हणजे काय न्याय झाला बे? बंगल्यात टाईल्सवर चार इंच पाणी त्याला पण १० अन् नाल्याकाठच्या झोपडीत सगळं वाहून गेलं त्याला पण १०? अन् ज्याचं सीताबर्डीत बेसमेंटला दुकान आहे, माल लाखांचा, त्याला जास्तीत जास्त ५०. नुकसान मोजून द्या ना मग.

रिटायर्ड_कारकून:
@बर्डीकर, तुमचं म्हणणं चूक नाही, पण मोजून द्यायचं म्हटलं की काय होतं ते मी पाहिलंय. प्रत्येक घरी किती टक्के यावर वाद, मग फेरपंचनामा, मग हरकती, आणि ज्याची ओळख त्याचे टक्के वाढतात. सरसकट रक्कम निदान पटकन सुटते, ज्याच्या घरात आज पातेलं नाही त्याला ती आज हवी. दुकानाचं तर मोजूनच असतं, सांगलीला २०२१ ला नुकसानीच्या ७५ टक्के किंवा ५० हजार, यात कमी असेल ते. त्यासाठी परवाना वगैरे कागद लागले होते, म्हणून दुकानवाल्यांनी गुमास्ता (दुकानाचा परवाना), जीएसटी, मालाची बिलं आत्ताच सुकवून ठेवा. माझ्या मते कमी काय पडतं तर दुसरा टप्पा. पहिले १० सगळ्यांना आणि नंतर झोपडपट्टीला, तळमजल्याला वेगळं काही, असं कोणी ठरवतच नाही.

टॅक्सचं राहिलंच. ती गोष्ट खरी महापालिकेच्या हातातली. सभागृह नसताना सभागृहाचे आणि स्थायी समितीचे अधिकार प्रशासकाकडे असतात, म्हणजे आत्ता २०२३ मध्ये आयुक्तांकडेच. तेव्हा अख्ख्या लेआऊटच्या सह्यांचं एक निवेदन थेट आयुक्तांच्या नावे द्या. सूट मिळेल असं मी म्हणत नाही, निदान दंडाच्या व्याजाची माफी आणि मुदतवाढ मागा, ते मान्य करणं त्यांना सोपं जातं.

स्पॅनर_पाना:
कारवाले भाऊ, चावी फिरवली नाही ना? 🙏 फिरवली असेल तर इंजिनात पाणी ओढलं जातं, कनेक्टिंग रॉड वाकतो अन् मग इन्शुरन्सवाला म्हणतो हे पुरामुळे नाही तुमच्यामुळे झालं. बॅटरीची वायर काढा, गाडी टो करून न्या, सर्व्हेअर येईपर्यंत काही उघडू देऊ नका. इंजिन प्रोटेक्ट ॲड-ऑन (इंजिनाच्या नुकसानीचं जादा कव्हर) आहे का ते पॉलिसीत बघा, नुसता थर्ड पार्टी असेल तर विषय संपला.

अन् ज्यांचं होम लोन चालू आहे त्यांनी बँकेत विचारा, लोन देताना बऱ्याच वेळा घराचा विमा गळ्यात मारलेला असतो अन् आपल्याला आठवतही नाही. भारत गृह रक्षा नावाची पॉलिसी असेल तर पूर त्यात धरलेला आहे, घरातलं सामान पण, घराच्या विम्याच्या २० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त १० लाख. सरकारच्या १० हजाराकडे डोळे लावून बसलेल्यांनी आधी ते कपाट उघडा.

लेआऊटवासी:
सगळ्यांचे मनापासून आभार. चावी नाही फिरवली भाऊ, बाबांनी ओरडून थांबवलं. बँकेत खरंच एक पॉलिसी निघाली, आता कोणती ते बघतो. टीम काल येऊन गेली, त्या मुलीचं नाव वेगळ्या ओळीत लिहून घेतलं, दोन पंचांच्या सह्या झाल्या. खातं तिच्या गावच्या बँकेतलं आहे, चालतं म्हणाले. गाळाची यादी मी अन् समोरच्या वहिनी करून राहिलो.

सिंहगडरोडवाला:
जुना धागा वर काढतोय, माफ करा. २५ जुलै २०२४, पुणे, एकता नगरी. खडकवासला धरणातून ३५ हजार क्युसेकच्या आसपास सोडलं आणि सकाळी उठलो तर पार्किंग गायब. रेघेचे फोटो काढलेत, गाळाची यादी चालू आहे. माझा प्रश्न पुढचा आहे, आमच्या इथे पूररेषेच्या आतल्या सोसायट्या आहेत, निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि आत असल्यामुळे रीडेव्हलपमेंट अडकतं. दर पावसाळ्यात १० हजार घेण्यापेक्षा महापालिकेने आमचं एकत्र पुनर्वसन करावं असं आम्ही मागतोय. नागपूरवाल्यांनो, तुमच्याकडे अंबाझरीच्या सांडव्यासमोरच्या विवेकानंद पुतळ्याचा, पाणी अडवतो म्हणून, विषय रहिवाशांनी हायकोर्टात नेला ना? याचिका रहिवाशांनी वैयक्तिक नावाने केली की सोसायटीच्या नावाने? आमच्या वकिलाला विचारायचंय.