‘रोड फायटर सगळीकडे सारखाच’ म्हणे!

शेंगाचटणी (धागाकर्ता)
परवा इथे एकाने लिहिलं: “कोनामीचा रोड फायटर, तो गाड्यांचा व्हिडिओ गेम, आर्केडवर खेळा, एमएसएक्स कॉम्प्युटरवर खेळा नाहीतर सोलापूरच्या नव्या पेठेत मिळणाऱ्या टीव्ही गेमवर. रंग सोडले तर फरक शून्य. बाकी सगळी म्हाताऱ्यांची हळहळ.” वर अंगठ्यांचा पाऊस. म्हणून हे पुराण.

१९८४ चं आर्केड, म्हणजे नाणं टाकून खेळायचं यंत्र, उभ्या स्क्रीनचं. गाडी तळाशी, पुढचा रस्ता लांबवर दिसणार. १९८५ मध्ये फॅमिकॉमवर, म्हणजे निन्टेंडोच्या घरगुती गेम मशीनवर, तोच रस्ता आडव्या टीव्हीत कोंबला: डावीकडे किती अंतर कापलं ती पट्टी, उजवीकडे स्कोअर, वेग, फ्युएल. मध्ये उरली बोळाएवढी जागा. म्हणजे समोरचा ट्रक दिसेपर्यंत तो बोनेटवर आलेला असतो. एमएसएक्स १ ची तर चिपच वेगळी. पडदा सरकवणारं स्क्रोलचं रजिस्टर नाही, रस्ता हलवायचा तर प्रोसेसरने टाइल्स (चित्राचे चौकोनी तुकडे) पुन्हा पुन्हा लिहायच्या. स्प्राइट (गाड्यांसारखी हलती चित्रं) एकरंगी, एका आडव्या ओळीत फक्त ४. फॅमिकॉमला ८, आणि प्रत्येकी ३ रंग.

आता आपला टीव्ही गेम, म्हणजे फॅमिकॉमची नक्कल, क्लोन. तो यातला कुठलाच नाही. जपानी फॅमिकॉम सेकंदाला ६० फ्रेम काढतो, आपला क्लोन ५०. गेमला स्वतःचं घड्याळ नाही, तो फ्रेम मोजतो. त्यामुळे स्पीडोमीटर ४०० दाखवतो तेव्हा जपानी हिशेबाने गाडी ३३३ ने चाललेली असते. आणि हा ‘शून्य फरक’!

पार्कचौक_७
ती पोस्ट माझी. घ्या, आलो. मालक, फ्युएल पण फ्रेम मोजूनच उतरतं ना? मग १०० फ्युएलमध्ये गाडी जितकी जाते तितकीच जाणार. रस्ता तोच, गाड्या त्याच, ट्रकला धडकलं की स्फोट तोच. आकडे सगळे सारखे असताना फरक कशाचा?

शेंगाचटणी
फरक खेळणाऱ्याच्या अंगठ्याचा. आडवी येणारी गाडी दिसल्यापासून ३० फ्रेममध्ये अंगावर येते असं धरा. ६० वर अर्धा सेकंद, ५० वर ०.६. गाडी घसरली की हँडल सावरायलाही तेवढीच जास्त सवड. गेम तोच, खेळणाऱ्याला वीस टक्के सूट. चादरींचा सेल आहे का हा?

पार्कचौक_७
सूट मान्य. ‘वेगळी आवृत्ती’ अमान्य. मंद लावलेली कॅसेट वेगळं गाणं होत नाही.

कडकभाकरी
उदाहरण देऊन स्वतःच अडकलात. कॅसेट मंद लावली की सूरही उतरतो. आपल्या क्लोनवर चाल मंद होते, सूर जवळजवळ जागेवर राहतो. का ते बघा.

जपानी मशीनचा क्रिस्टल (सगळ्या चिपांना ठेका देणारा भाग) २१.४७७ मेगाहर्ट्झ, भागिले १२, प्रोसेसर १.७९. युरोपातल्या अधिकृत पाल (५० फ्रेमवाली टीव्ही पद्धत) मशीनचा २६.६०२, भागिले १६, म्हणजे १.६६. सूर सात टक्के खाली, अर्ध्या सुरापेक्षा जास्त. क्लोन बनवणाऱ्यांनी क्रिस्टल युरोपचाच ठेवला पण भागिले १५ केलं: १.७७. सूर एक टक्काही उतरत नाही. शिवाय पालच्या ३१२ ओळींतल्या जास्तीच्या ओळी त्यांनी व्हीब्लँकच्या (दोन फ्रेममधली, चित्र न काढण्याची सवड) आधी घातल्या, म्हणजे जपानी गेमला व्हीब्लँक त्याच्या सवयीएवढाच, २० ओळींचा मिळतो. म्हणून जपानी गेमची काडतुसं (कार्ट्रिज) इथे चालतात.

आणि गंमत पुढेच आहे. यूएमसी कंपनीच्या त्या क्लोनच्या चिपांमध्ये पल्स चॅनलचे २५ आणि ५० टक्के ड्युटी (आवाजाची लाट किती वेळ वर राहते तो वाटा) उलटे जोडलेले आहेत. सूर तोच, गळा दुसरा. जिथे पोकळ आवाज हवा तिथे किरकिर, किरकिर हवी तिथे पोकळ. आता सांगा, ही कॅसेट कुणाची?

पार्कचौक_७
बरं, पाऊण आवृत्ती वेगळी. समाधान?

सातरस्ता
एवढा वाद कशाला बे? क्लोन उघडायचा, २६.६ चा क्रिस्टल काढायचा, २१.४७ चा टाकायचा. झाला जपानी. दहा मिनिटांचं काम.

कडकभाकरी
कुणीही हे करू नका! दहा मिनिटांत डबा बिनकामाचा होईल. कितीने भागायचं तो आकडा चिपच्या आत ठरलेला आहे, तो १५ चा १२ होत नाही. २१.४७७ भागिले १५ म्हणजे प्रोसेसर १.४३ वर आणि चित्र सेकंदाला साधारण ४० वेळा. कुठला टीव्ही ४० हर्ट्झवर सिंक धरतो? चित्र लोळत राहणार.

६० हवेच असतील तर प्रोसेसर आणि चित्राची चिप ही जोडी बदलावी लागते: यूए६५२७पी आणि यूए६५३८ काढून यूए६५२७ आणि यूए६५२८, वर क्रिस्टल. ४० पायांच्या दोन चिपा. सॉकेट नसेल तर डिसोल्डरिंग पंपाने एकेक पाय मोकळा करायचा. घाईने ओढलं की ट्रॅक चिपबरोबर वर येतो. आणि बोर्डवर सुट्या चिपांऐवजी काळा थेंब असेल, म्हणजे चिप त्याखालीच गाडलेली, तर विषयच संपला, तिथे बदलण्यासारखं काही नाही.

सातरस्ता
आम्ही आपलं सुचवलं. तुम्ही लगेच मास्तर झालात.

कडकभाकरी
मास्तर नाही. पण असलं वाचून कुणी सोल्डरिंग गन तापवली तर निस्तरणार कोण? आणि आधी अॅडॅप्टर बघा. फॅमिकॉमची मधली पिन ऋण असते, क्लोनमध्ये कसलाच नेम नाही. डब्यावरची खूण न बघता जोडला तर ७८०५ (५ व्होल्ट देणारा रेग्युलेटर) जातो, कधी पुढचंही घेऊन जातो.

दुपारची_झोप
हे सगळं ठीक, पण तुम्ही बघताय कशावर? एलसीडीवर असाल तर तुमची सगळी गणितं सिद्धेश्वर तलावात सोडा. हा डबा २४० ओळींचं प्रोग्रेसिव्ह (सगळ्या ओळी एकदम) चित्र देतो. बहुतेक एलसीडी त्याला इंटरलेस (एक सोडून एक ओळीचं) समजून दोन फ्रेमची खिचडी करतात. कडा दातेरी होतात आणि बटण दाबल्यावर गाडी उशिरा वळते. त्यात पिवळ्या पिनेतून एचडीएमआय करणारी स्वस्त डबी लावली की ती ५० चे ६० करते, म्हणजे दर पाच फ्रेमनंतर एक फ्रेम दोनदा. रस्ता अडखळत सरकतो तो त्यामुळे. दोष गेमचा नाही.

शेंगाचटणी
टीव्हीचा धागा वेगळा काढा की.

दुपारची_झोप
का काढू? ‘ग्राफिक्समधला फरक’ म्हणणाऱ्यांनी चित्राच्या आकारावर एक ओळ लिहिलेली नाही. पालच्या टीव्हीत साधारण २८८ ओळी दिसतात, गेम भरतो २४०. वरखाली काळ्या पट्ट्या. पिक्सेलची रुंदी-उंची जपानी टीव्हीवर ८ ला ७, पालवर जवळपास ११ ला ८. म्हणून आपल्याकडची लाल गाडी बसकी, रुंद. जपानी टीव्हीवर तीच सडपातळ. उलट तिथे वरखालच्या आठेक ओळी काचेच्या कडेआड जातात. हा खरा डोळ्याला दिसणारा फरक, आणि तुम्ही क्रिस्टल भागताय.

पार्कचौक_७
‘रंग सोडले तर’ लिहिलं होतं, त्यात आता ‘आकार, वेग, आवाज आणि टीव्ही सोडले तर’ अशी भर घालतो. खूश?

शेंगाचटणी
उपकार झाले. कोनामी मॅन राहिला. न धडकता ठरावीक अंतर कापलं की तो बाजूने उडत जातो आणि बोनस देतो.

सातरस्ता
बहुगेमी काडतुसांचं पण बोला. ‘९९९९९९ इन १’ मध्ये तोच रोड फायटर चार नावांनी, फक्त सुरुवात वेगळ्या टप्प्यावरून. फॅमिकॉमवर टप्पे मुळात चारच! आणि पाटीवरून कोनामीचं नाव उडवलेलं. ही फसवणूक कुणाला खुपत नाही, ड्युटी सायकल खुपतं.

कडकभाकरी
हे मात्र बरोबर बोललात. लिहून ठेवतो, पुन्हा असा योग येईल न येईल.

ज्यांना स्वतः तपासायचंय त्यांच्यासाठी. मेसेन या एम्युलेटरमध्ये (कॉम्प्युटरवर जुनं मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) रीजन ‘डेंडी’ करा, तो असल्या क्लोनसाठीचाच, ध्वनीच्या सेटिंगमध्ये ड्युटी सायकल उलटे करण्याची खूण लावा. पहिला टप्पा न धडकता काढा, घड्याळ लावा. मग रीजन एनटीएससी (जपानची ६० फ्रेमवाली पद्धत) करून तसाच पुन्हा. एनटीएससीवर ६० सेकंद लागले तर डेंडीवर ७२ यायला हवेत. खरा डबा असेल तर जुन्या ट्यूब टीव्हीसमोर मोबाइलवर २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ घ्या. गेमची प्रत्येक फ्रेम चार-चार वेळा दिसली तर ६०, कधी चार कधी पाच तर ५०.

पार्कचौक_७
ट्यूब टीव्ही आणायचा कुठून? भंगारवाला पण घेत नाही आता.

दुपारची_झोप
म्हणून म्हणत होतो, टीव्हीचा विषय आधी.