भोपाळचं नर्सिंग रजिस्ट्रेशन आहे, पुण्यात नोकरी लागतेय, परत रजिस्ट्रेशन करावं लागतं का?

सुदामानगरची आई
नमस्कार सगळ्यांना. आम्ही इंदूरचे. मुलीचं जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, इथल्याच एका कॉलेजातून झालं, २०२० ची ॲडमिशन, म्हणजे किती रखडलं असेल ते इथल्या लोकांना सांगायलाच नको, तीन वर्षांचा कोर्स आणि परीक्षाच होईनात, पोरगी रडकुंडीला आली होती. शेवटी पास झाली, भोपाळच्या नर्सिंग कौन्सिलचं आरएन आरएम (रजिस्टर्ड नर्स, रजिस्टर्ड मिडवाइफ) रजिस्ट्रेशनही आलं, सध्या इथेच एका खाजगी हॉस्पिटलात वॉर्डला आहे. आता पुण्याला माझ्या नणंदेच्या घराजवळ एका हॉस्पिटलात तिचं सिलेक्शन झालंय, पण ते म्हणतात महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन पाहिजे. बरं, वर असंही म्हणतात की तुम्ही जॉइन तर करा, तोवर ट्रेनी दाखवतो, कागद नंतर बघू. मला हे काही पटत नाहीये. भारत एकच ना, मग इथलं रजिस्ट्रेशन तिथे का चालत नाही? आणि तिला असं पाठवू का? घरात दोन मतं आहेत, हे म्हणतात नोकरी हातची जाईल.

बडोदेकर सिस्टर
काकू मी पण इंदूरचीच, रामबागेतली, लग्न होऊन बडोद्याला आले तेव्हा हेच सगळं केलंय. हो, करावं लागतं. याला रेसिप्रोकल रजिस्ट्रेशन म्हणतात. नव्या राज्याच्या कौन्सिलकडे अर्ज करायचा आणि जुन्या कौन्सिलकडून एनओसी आणि व्हेरिफिकेशन मागवायचं, म्हणजे ही बाई आमच्याकडे खरंच रजिस्टर आहे आणि तिच्यावर काही कारवाई नाही असं ते कळवतात. वेळ यातच जातो म्हणून भोपाळचं काम आधी सुरू करा. आणि एक, माझं सगळ्यात जास्त अडलं ते नावात. मार्कशीटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, मग मॅरेज सर्टिफिकेट आण, ॲफिडेव्हिट कर, त्यातच दोन महिने गेले. मुलीची दहावीची मार्कशीट, जीएनएमची मार्कशीट, आधार, तिन्हीवर नावाचं स्पेलिंग अक्षर न अक्षर आजच जुळवून बघा.

निवृत्त मेट्रन, इंदूर
ताई, तुमचं मन खातंय ते बरोबरच आहे. सरकारी दवाखान्यात ३४ वर्षं नोकरी केली म्हणून जरा सविस्तर लिहिते.
भारत एकच आहे, आणि शिक्षणही सगळीकडे चालतं. १९४७ च्या इंडियन नर्सिंग कौन्सिल ॲक्टमध्येच आहे की मान्यताप्राप्त क्वालिफिकेशन असेल तर कुठल्याही राज्याच्या रजिस्टरात नाव घालायला ते पुरेसं. पण रजिस्टर मात्र ज्या त्या राज्याचं. आपल्याकडे मध्य प्रदेशात १९७२ चा कायदा, महाराष्ट्रात १९६६ चा, गुजरातमध्ये १९६८ चा. म्हणून पोरीला परत शिकायचं नाहीये की परत परीक्षा नाहीये, फक्त जिथे काम तिथल्या वहीत नाव. २०२३ मध्ये संसदेने नवीन नर्सिंग अँड मिडवाइफरी कमिशनचा कायदा केलाय, त्यात देशभराचं ऑनलाइन रजिस्टर ठेवायचं म्हटलंय, पण त्याच्या भरवशावर आजचा अर्ज थांबवू नका.
आता ट्रेनीचं. अजिबात पाठवू नका. ट्रेनी कागदावर म्हणतात, पण रात्रपाळीला तीस पेशंटवर तिलाच उभं करतात. माझ्या ओळखीतली एक पोरगी अशीच एका खाजगी ठिकाणी रजिस्ट्रेशनशिवाय लागली होती. रात्री डॉक्टरांची फोनवर पोटॅशियमची ऑर्डर आली, ते सलाईनमध्ये मिसळून हळूहळू द्यायचं असतं, सरळ शिरेत कधीच नाही, आणि घाईत ते चुकलं. पेशंट वाचला, देवाची कृपा. पण चौकशीत ते डॉक्टर म्हणाले मी असं सांगितलंच नाही, आणि हॉस्पिटल म्हणालं ही आमची स्टाफ नर्सच नव्हे. सगळं त्या बावीस वर्षांच्या लेकरावर आलं. मी तिच्या घरी गेले होते, ती बोलतसुद्धा नव्हती. रजिस्टरात नाव असलं की निदान आपण कोण हे कोणी नाकारू शकत नाही. आणि तिला आजपासूनच सवय लावा, तोंडी ऑर्डर आली की लगेच लिहायची, परत वाचून दाखवायची, वेळ टाकायची, डॉक्टर राउंडला आले की सही घ्यायची. सही मागायला लाजायचं नाही.

ग्वाल्हेरचा भाऊ
माझी बहीण याच बॅचची, म्हणून एक जोडतो. हायकोर्टाच्या आदेशावरून सीबीआयने एमपीतली ३०८ नर्सिंग कॉलेजं तपासली होती, २०२४ च्या रिपोर्टमध्ये १६९ ठीक, ७४ मध्ये कमतरता आणि ६५ नालायक निघाली. पुढे तपास करणारेच लाच घेताना पकडले गेले, मग त्या ठीकवाल्यांचीही परत तपासणी लावली कोर्टाने. त्यामुळे बाहेरच्या राज्यात एमपीचा कागद बघितला की जास्त विचारतात, बहिणीला तर इंटरव्ह्यूतच कॉलेजचं नाव दोनदा विचारलं. पोरांची काय चूक हो यात. तुमच्या मुलीच्या ॲडमिशनच्या वर्षी कॉलेजला मान्यता होती त्याचं पत्र कॉलेजकडून आत्ताच घेऊन ठेवा. आणि एनयूआयडी निघालाय का बघा, आधारशी जोडलेला नर्सचा युनिक नंबर असतो तो, नसेल तर भोपाळच्याच खेपेत विचारून घ्या.

सुदामानगरची आई
सगळ्यांचे खूप आभार. मेट्रनबाईंचं यांना वाचून दाखवलं, मग काहीच बोलले नाहीत. मुलीने आज पुण्याला फोन करून स्पष्ट सांगितलं की रजिस्ट्रेशन झाल्यावरच जॉइन करीन, तारीख वाढवून मेलवर द्या. आधी कुरकुरले, मग दीड महिना दिला. स्पेलिंग बघितलं तर आधारवर एक ए जास्तीचा निघाला, उद्याच दुरुस्तीला जातो. सोमवारी सकाळच्या गाडीने भोपाळ.

निवृत्त मेट्रन, इंदूर
शाब्बास पोरीची. ओरिजिनल कागद तिच्या हातातच राहू देत, खिडकीवर सोडून यायचे नाहीत, आणि सेल्फ अटेस्टेड झेरॉक्सचे दोन सेट करून न्या. पावतीचा फोटो तिथेच काढून घ्या.