स्लाइम मोल्ड नक्की कुठल्या गटात? आणि मॉइस्ट चेंबरमध्ये नुसती बुरशीच का येते?

पाणकणीस: बीएस्सीच्या प्रात्यक्षिकासाठी स्लाइम मोल्डचे (अमीबासारखे हिंडून बुरशीसारखे बीजाणू धरणारे सजीव) नमुने जमवतोय. तीन ठिकाणी अडलंय.

जुन्या पुस्तकात सगळे स्लाइम मोल्ड ‘मिक्झोमायकोटा’ या एकाच विभागात, कवकांच्या शेजारी. नेटवर कोणी अमीबोझोआ (अमीबांचा मोठा गट) म्हणतं, कोणी रायझारिया (दुसराच एकपेशीय गट). वहीत लिहायचं काय?

दुसरं, मॉइस्ट चेंबर म्हणून आंब्याच्या झाडाची साल पेट्री डिशमध्ये ओल्या फिल्टर पेपरवर ठेवली. आठवडाभरात म्युकर ही बुरशी आणि पांढरी जाळी, बाकी शून्य.

तिसरं, पालापाचोळ्यावर करड्या, देठ असलेल्या बीजाणुधानी (बीजाणूंच्या पिशव्या) मिळाल्या. भिंगातून फायसॅरम (चुन्याचे कण असणारा स्लाइम मोल्ड) वाटतात. पण लॅक्टोफिनॉलमध्ये (स्लाइडसाठीचं द्रावण) स्लाइड केली तर चुना कुठेच नाही, त्यामुळे आयडेंटिफिकेशन की (लक्षणांवरून ओळख पटवणारा तक्ता) चुना नसलेल्या स्टेमोनायटिसकडे नेते. दिसायला तर ते अजिबात तसे नाहीत.

बहुकेंद्री: पहिल्या प्रश्नाचं बघू. स्लाइम मोल्ड ही जगण्याची एक तऱ्हा आहे: अमीबासारखं हिंडायचं, जिवाणू गिळायचे आणि अन्न संपलं की बीजाणू उंचावर नेऊन ठेवायचे. ही तऱ्हा सजीवांच्या निरनिराळ्या शाखांत स्वतंत्रपणे उगवली, म्हणून सगळ्यांची एकच मोट बांधणारा मिक्झोमायकोटा टिकला नाही. जर्मन शास्त्रज्ञ डी बारीने १८५९ मध्येच ‘मायसेटोझोआ’ हे नाव देऊन त्यांना प्राण्यांच्या बाजूला सरकवलं होतं. तरी ते कवकांच्या धड्यात राहिले, कारण गोळा करणारे बहुतेक कवकतज्ज्ञच होते. नामकरण आजही शैवाल, कवक आणि वनस्पतींच्या संहितेनुसारच चालतं.

वहीत असं मांडा. अमीबोझोआत तीन ठळक प्रकार. मिक्झोमायसिटीज: भिंती नसलेला, असंख्य केंद्रकांचा एकच प्लाझमोडियम (जीवद्रव्याचा पसरता गोळा), सुमारे १,००० जाती. डिक्टिओस्टेलिड: अमीबा सुटेच राहतात, उपासमार झाली की एकत्र येऊन ‘गोगलगाय’ (पेशींचा सरपटणारा पुंजका) बनवतात, डिक्टिओस्टेलियम डिस्कॉइडियममध्ये सुमारे पाचवा हिस्सा पेशी देठ होऊन मरतात. प्रोटोस्टेलॉइड: एका अमीबापासून एक देठ आणि त्यावर एक किंवा मोजके बीजाणू. हा तिसरा प्रकारही एकसंध नाही, अमीबोझोआत ठिकठिकाणी विखुरलेला आहे.

अमीबोझोआबाहेरचे वेगळे लिहा. अ‍ॅक्रेसिस डिक्टिओस्टेलियमसारखाच गोळा होतो, पण तो हेटरोलोबोसिया या वेगळ्याच शाखेतला. त्याच्या देठाच्या पेशी जिवंत राहतात आणि पुन्हा रुजू शकतात. कोबीच्या मुळांना गाठी आणणारा प्लाझमोडिओफोरा रायझारियात. समुद्री गवतावरचा लॅबिरिंथ्युला स्ट्रॅमेनोपाइलमध्ये, डायटम या शैवालाच्या नात्यात. आणि फॉन्टिक्युला अल्बा कवकांच्या फांदीवर! सगळ्यांना कवकांत कोंबणं चुकलं, पण हा एक खरोखरच त्यांच्या जवळचा निघाला.

सालपट: मॉइस्ट चेंबरबद्दल. ही पद्धत गिल्बर्ट आणि मार्टिन यांनी १९३३ मध्ये मांडली, तेव्हापासून फारशी बदललेली नाही. तुमचं बहुधा दोन ठिकाणी चुकतंय: साल आणि पाणी.

साल फक्त बाहेरची, मेलेली, खरखरीत हवी. सुरीने खोल कापली तर आतला ओला, साखरेचा थर येतो आणि म्युकरची चंगळ होते. आणलेली साल आधी सावलीत खडखडीत वाळवा. स्लाइम मोल्डचे बीजाणू आणि सुप्त अवस्था वाळवण्याने मरत नाहीत.

९० मिमीच्या डिशमध्ये फिल्टर पेपर, त्यावर सालीचे तुकडे एकाच थरात, बाहेरची बाजू वर. एकावर एक नकोत. तुकडे बुडतील एवढं डिस्टिल्ड वॉटर घालून २४ तास ठेवा. मग पीएच मोजून लिहून ठेवा, कारण कुठल्या जाती येणार हे त्यावर बरंच ठरतं. आता सगळं सुटं पाणी ओतून टाका. ही पायरी बहुतेक जण गाळतात. साल ओलसर हवी, तळ्यात उभी नको. डिश २० ते २५ अंश सेल्सिअसला, खोलीच्या उजेडात पण उन्हात नाही.

आठवड्यात डिश फेकायची नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली २० ते ५० पटीत बघा, नंतर आठवड्यातून एकदा, तीन महिने. सुरुवातीला येणारी एकायनोस्टेलियम मिनुटम ही स्लाइम मोल्डची जात अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. नुसत्या डोळ्यांनी ‘शून्य’ दिसणाऱ्या डिशमध्ये ती असू शकते. सालीच्या कडा आणि भेगा तिरप्या उजेडात पाहा. पहिला बुरशीचा भर बहुतेकदा आपोआप ओसरतो, बुरशीनाशक घालू नका. पाणी कमी झालं तर काठाने थोडंसं सोडा.

कोवळ्या बीजाणुधानी दिसल्या की लगेच उचलायचा मोह होतो. त्या दुधाळ किंवा रंगीत, ओलसर चमकत असतील तर हात लावू नका. पूर्ण रंग येऊ द्या, मग झाकण किंचित उघडं ठेवून सावकाश वाळवा. घाईत वाळलेल्या नमुन्यात बीजाणू लहान-मोठे निघतात आणि मोजमाप फुकट जातं.

बहुकेंद्री: यात भर: माइट आणि स्प्रिंगटेल हे बारीक जीव दिसले तर त्या डिशमधले पिकलेले नमुने आधी काढून घ्या. दोन दिवसांत नुसते देठ उरतात.

चुनखडी: तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या स्लाइडच्या बाटलीत आहे. लॅक्टोफिनॉलमध्ये लॅक्टिक आम्ल असतं आणि फायसॅरमचा चुना म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. कव्हर स्लिप ठेवेपर्यंत तो विरघळायला लागतो. की चुकीची नाही, तुम्ही तिला चुना नसलेला नमुना दाखवलात.

असं करा. एक बीजाणुधानी कोरडीच स्लाइडवर ठेवून आधी स्टिरिओखाली फोडा आणि चुना कुठे आहे ते नोंदवा. कॅपिलिशियमच्या (आतल्या धाग्यांच्या जाळीच्या) गाठींत पांढरे कण असतील तर फायसॅरम. गाठींऐवजी सगळी जाळीच चुन्याच्या नळ्यांची असेल तर बधामिया. आतले धागे साफ आणि चुना फक्त पेरिडियमवर (बाहेरच्या आवरणावर), तोही चांदणीसारख्या स्फटिकांत, तर डिडिमियम. अंड्याच्या टरफलासारखं कवच किंवा साधे गोल कण असतील तर डिडर्मा. शंका असेल तर एका वेगळ्या तुकड्यावर विरळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब सोडा, बुडबुडे आले की चुना पक्का.

मग दुसऱ्या बीजाणुधानीवर ९५ टक्के अल्कोहोलचा थेंब (हवा निघून जाते, नाहीतर काळे फुगेच दिसतात) आणि लगेच ३ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड. बीजाणू १०० पटीच्या ऑइल लेन्सखाली, किमान २० मोजा, त्यांच्यावरचे काटे किंवा जाळी मापात धरून की सोडून ते लिहा. कायमच्या स्लाइडसाठी आम्लयुक्त माध्यम वापरायचंच असेल तर चुन्याची नोंद आधी उरकून घ्या.

पाणकणीस: कोरडं पाहिलं. गाठींत पांढरे कण आहेत, बीजाणूंचा ढीग काळपट. म्हणजे फायसॅरम. पण बीजाणूंच्या रंगावरून वर्ग पाडायची पद्धत अजून चालते का?

बहुकेंद्री: बरीचशी चालते. २०१९ मध्ये लिओन्टिएव्ह आणि सहकाऱ्यांनी डीएनएवर आधारित मांडणी दिली, त्यात मुख्य दोन फांद्या फिकट आणि गडद बीजाणूंच्याच आहेत. अपवाद एकायनोस्टेलियमचा: बीजाणू फिकट, पण फांदी गडदवाल्यांची. लायसिएलीस या जुन्या गणाचे तुकडे झाले. त्यातले लायकोगाला आणि ट्युबिफेरा आता रेटिक्युलारिएलीसमध्ये, क्रिब्रॅरियाला स्वतःचा गण. लॅम्प्रोडर्मा स्टेमोनायटिसच्या घरातून फायसॅरेलीस या फायसॅरमच्या गणात गेला, चुना नसतानाही. सिरॅटिओमिक्सा बीजाणू बाहेरच्या बाजूला धरते, तिला वेगळा वर्ग दिलाय.

चुनखडी: माझ्या मते प्रात्यक्षिकाला जुने पाच गणच बरे. की त्यांच्यावरच बेतलेल्या आहेत आणि भिंगाखाली ते दिसतात. नवी नावं कंसात लिहा.

नमुना जपायचा तर सालीच्या किंवा पानाच्या तुकड्यासकट पुठ्ठ्याच्या पट्टीवर फेव्हिकॉलने चिकटवा आणि काडेपेटीत ठेवा. झाकायच्या आधी डिंक पूर्ण वाळू द्या, नाहीतर आत बुरशी धरते. पट्टीवर तारीख, ठिकाण, झाड, सालीचा पीएच. कपाटात जाण्याआधी काडेपेटी पिशवीत बंद करून उणे २० अंशांवर तीन-चार दिवस, आणि खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय पिशवी उघडू नका. थंड नमुन्यावर दव धरलं की चुन्याचे कण एकमेकांना चिकटतात.