महिन्याचा रिपोर्ट एआयकडून लिहून घ्यावा का? उद्यमबागेतला एक अनुभव, आणि भांडण

उद्यमबागकर

चार महिने झाले, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या फाउंड्रीचा, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याचा, महिन्याचा रिपोर्ट एआय लिहितोय. आधी ते काम माझ्याकडं होतं आणि त्यापायी महिन्यातले दोन रविवार जायचे. रिपोर्ट तीन ठिकाणी लागतो: सीसीसाठी (कॅश क्रेडिट, खेळत्या भांडवलाचं कर्ज) बँकेत, रिजेक्शनचा (नापास झालेल्या मालाचा) ग्राहकाकडं, आणि धाकट्या भावाला. तो भागीदार आहे. त्याला एवढंच पाहिजे असतं की माल गेला, तर पैसा कुठं राहिला. (बँकेपेक्षा त्याचे प्रश्न अवघड असतात.)

नुसतं चॅटजीपीटी उघडून "रिपोर्ट लिही" म्हटल्यावर काय येतं ते तुम्ही बघितलं असणार. गुळगुळीत, कुठल्याही कारखान्याला चिकटवावं असं. म्हणून मी एक फोल्डर केला. त्यात टॅलीतली विक्री-खरेदी, हीट रजिस्टर (भट्टीतल्या एकेका वितळीची, म्हणजे हीटची नोंद), रिजेक्शन रजिस्टरचे फोटो, हेस्कॉमची (इथली वीज कंपनी) बिलं, ग्राहकांची शेड्यूलं आणि सीएंनी पाठवलेली परिपत्रकं. सहाय्यकाला कायमच्या सूचना लिहून दिल्या. प्रत्येक आकड्यापुढं फाईलचं नाव आणि पान लिही. फोल्डरात नसेल तर "सापडलं नाही" असंच लिही, अंदाज नको. बेरीज आणि टक्के मनानं काढू नको, शीटमध्ये सूत्र घालून काढ. मागच्या महिन्यापेक्षा पाच टक्क्यांवर फरक असेल तर तो आधी सांग, बाकीचं नंतर.

खर्च महिन्याला २,००० रुपयांच्या आसपास, वेळ अर्धी सकाळ. दुसऱ्याच महिन्यात त्यानं दाखवलं की टनामागं वीज वाढलीय. बघायला गेलो तर रात्रपाळीत मोल्ड (साचे) तयार नसायचे, म्हणून वितळलेला धातू भट्टीत तसाच धरून ठेवत होते. माणसं माझीच, भट्टी माझीच, आणि मला पत्ता नाही.

तर माझं म्हणणं असं की उद्यमबाग आणि मच्छे इथल्या आपल्यासारख्या दहा-बारा जणांनी ही मांडणी एकदाच नीट करून घ्यावी. सूचना सगळ्यांच्या सारख्या, फोल्डर ज्याचा त्याचा. कोण तयार आहे? विरोध असेल तर तोही इथंच बोला, मागनं नको.

जुना हिशेबनीस

विरोध माझा लिहून घ्या.

मालक, तुमच्या विजेचं पकडलं ते चांगलं झालं. ते आकडे मीटरमधून आले होते, मीटर खोटं बोलत नाही. आता रिजेक्शनच्या रजिस्टराकडं या. मी तीस वर्षं कारखान्यांची पुस्तकं लिहिली. सुपरवायझर त्यात काय लिहितो? ब्लोहोल, म्हणजे ओतीव मालात वायूनं पडलेली पोकळी. सँडचा (साच्याच्या वाळूचा) दोष लिहिला तर सँडवाला भांडायला येतो, कोअरचा (साच्यात बसवायच्या गाभ्याचा) लिहिला तर कोअरवाला. ब्लोहोल कुणाच्याच अंगावर जात नाही. तुमचा सहाय्यक त्याचा सुंदर आलेख काढेल, खाली लिहील की वायू बाहेर जाण्याची व्यवस्था सुधारावी, आणि तुम्ही व्हेंट वाढवत बसाल.

एका कारखान्यात मी ते रजिस्टर हातानं उतरवून काढत होतो. उतरवता उतरवता लक्षात आलं की जास्तीत जास्त ब्लोहोल सोमवारच्या पहिल्या हीटला. का? रविवारी सँड वाळायची, सोमवारी घाईत पाणी जास्त पडायचं. दोष सँडचा, नाव ब्लोहोलचं. उतरवण्याचा कंटाळा आला होता, खरं त्या कंटाळ्यातच ते दिसलं.

दुसरं असं की, चूक झाली तर निस्तरायची कुणी? २०२५ च्या ऑक्टोबरात डेलॉइट या सल्लागार कंपनीला ऑस्ट्रेलिया सरकारचे पैसे परत करायची वेळ आली. ४,४०,००० ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपासचं काम. अहवालात अस्तित्वातच नसलेले संदर्भ होते, न्यायालयाच्या निकालातलं म्हणून दिलेलं वाक्य निकालात नव्हतं. तयार करताना एआय वापरला होता. एवढी मोठी कंपनी, शेवटचा हप्ता सोडून सुटली. आपल्या बँकेला चुकीचा स्टॉक गेला तर आपण काय सोडणार? सीसीची लिमिट?

उद्यमबागकर

काका, सोमवारचं तो पण दाखवू शकतो की. वारानुसार गट पाड असं सांगितलं की झालं.

जुना हिशेबनीस

सांगितलं की. सांगायचं सुचायला आधी ते माहीत पाहिजे.

चंदगडचा काजूवाला

मी पलीकडचा, महाराष्ट्रातला. तरी बाजार माझा बेळगावातच. माझा अनुभव वेगळा आणि जरा गंमतीचा. मच्छेतल्या मेहुण्याच्या युनिटसाठी एआयकडून खर्चाचा अंदाज करून मागितला. प्रश्न मराठीत घातला. उत्तर पण छान मराठीत. जमीन एमआयडीसीची, वीज महावितरणची, जमिनीला सातबारा. मेहुणा म्हणाला, "भावजी, मला न विचारता चंदगडात नेलात व्हय?"

मराठीत विचारलं की त्याला वाटतं माणूस महाराष्ट्रातला. हसण्यावारी नेण्यासारखं हे नाही, पगाराच्या तक्त्यात बघा. १८,००० पगाराच्या कामगाराच्या नावावर त्यानं व्यवसाय कर २०० कापला. महाराष्ट्रात पुरुष कामगाराला तो बरोबर. कर्नाटकात २५,००० च्या खाली व्यवसाय कर नाहीच. पस्तीस माणसांचा दर महिन्याला कापला असता तर कामगारांनी काय केलं असतं तुम्हीच बघा.

उद्यमबागकर

हे माझ्याकडं पण झालं होतं. आता सूचनेतलं पहिलं वाक्यच असं आहे: कारखाना कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात, जीएसटी क्रमांक २९ नं सुरू होणारा. महाराष्ट्राचे नियम, योजना, खाती वापरू नकोस. तेव्हापासून केआयएडीबी (कर्नाटकचं औद्योगिक जमिनीचं मंडळ) आणि हेस्कॉमच येतंय.

आणि विचार केला तर हे नवीन काय आहे? आपल्याला हे सगळीकडंच सांगावं लागतं की आम्ही मराठी, आणि इथलेच.

निपाणीकर

वाक्य घालून राज्य सुधारलं. तारीख कशी सुधारणार?

माझा भाचा ट्रॅक्टरचं हाऊजिंग (यंत्राभोवतीचं कवच) ओततो. त्यानं एआयला बाजाराचा आढावा विचारला. ट्रॅक्टरवर जीएसटी १२ टक्के, सुट्या भागांवर १८, असं आलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर ५ टक्क्यांवर आलाय, सेंटर हाऊजिंग, ट्रान्समिशन हाऊजिंगसारखे भागही ५ वर. भाच्यानं दुरुस्ती सांगितल्यावर त्यानं माफी मागितली (माफी फार पटकन मागतो) आणि नवीन आढावा दिला: "दरकपातीमुळे मागणीस चालना, उद्योगासाठी सकारात्मक."

सकारात्मक कुणाला? पिग आयर्न (कच्चं लोखंड) १८ टक्क्यांनी घ्यायचं, हाऊजिंग ५ नं विकायचं. खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं मधलं क्रेडिट अडकून राहतं. रिफंडचा अर्ज करा, वाट बघा, तोवर खेळतं भांडवल बाहेरनं आणा. भाच्यासाठी त्या दरकपातीची खरी बातमी ती होती, आणि रिपोर्टमध्ये तिचाच पत्ता नव्हता. एखाद्या सीएला रस्त्यात गाठून विचारलं असतं तरी पहिल्या मिनिटात म्हणाला असता.

तसंच सूक्ष्म-लघु उद्योगाच्या वर्गाचं. भाच्याची उलाढाल आठ कोटी, मशिनरी दोन कोटींची. एआयनं त्याला "लघु" ठरवलं, २०२० च्या मर्यादा धरून. १ एप्रिल २०२५ पासून अडीच कोटी गुंतवणूक आणि दहा कोटी उलाढालीपर्यंत "सूक्ष्म" आहे. म्हणजे हा सूक्ष्म. इंटरनेटवर जुनी पानं ढिगानं पडलीत, नवीन थोडी. तो ढिगाच्या बाजूनं जातो.

शहापूरकर

मी असल्या मांडण्या करून देते, पोट त्यावर आहे, म्हणून माझं बोलणं जरा सवलतीनं घ्या. (वडिलांचे माग होते, त्यामुळं मालकांचा स्वभावही माहीत आहे.)

दोन्हीकडचे लोक अक्कल आहे-नाही यावर भांडताहेत. माझ्या कामात चुका बहुतेक वेळा त्याच्या आधीच, कागद आत घेतानाच होतात. तुम्ही फाईल टाकता तेव्हा तिचे तुकडे पडतात आणि प्रश्न विचारल्यावर जवळचे वाटणारे तुकडेच उचलले जातात. अख्खी फाईल दर वेळी वाचली जाते असं नाही. आता ताळेबंदाचा तक्ता दोन पानांवर गेलाय समजा. "रुपये लाखात" हे पहिल्या पानावर वर लिहिलेलं. दुसऱ्या पानाचा तुकडा उचलला गेला तर त्यात ते शब्दच नाहीत. मग ४२.५० लाखांचे साडेबेचाळीस रुपये होतात. पुढं फाईलचं नाव आणि पान अगदी बरोबर लिहिलेलं असतं! म्हणून काका, संदर्भ दिला म्हणजे आकडा बरोबर असं नाही, आणि उद्यमबागकर, तुमच्या फाईल-पानाच्या सूचनेवर एवढे विसंबू नका. मी प्रत्येक तक्त्याच्या प्रत्येक पानावर एकक परत छापून घेते, मगच आत टाकते.

दुसरं, आपल्या गावाचं नाव. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी कागदावर Belgaum चं Belagavi झालं. त्याआधीचे अहवाल, बातम्या, बाजारभाव सगळं जुन्या इंग्रजी स्पेलिंगनं. नवीन नावानं शोध घेतला तर पूर्वीचं निम्मं राहून जातं, जुन्यानं घेतला तर अलीकडचं. दोन्ही स्पेलिंगनं शोध असं लिहून ठेवावं लागतं, नाहीतर दहा वर्षांचा कल म्हणून तो दोन वेगळ्या गावांची गोष्ट सांगतो.

निपाणीकर, तारखेवर उपाय आहे: कराचे दर त्याला इंटरनेटवरून घेऊच द्यायचे नाहीत. सीएंनी सही केलेलं एक पान फोल्डरात, वर तारीख. त्या पानावर नसेल तर रिपोर्टमध्ये नाही. क्रेडिट अडकतं हे मात्र त्याला कुणीतरी विचारावंच लागेल, तिथं मी तुमच्या बाजूची.

पतसंस्थेतला

कारखान्याचं ठीक, भट्टीला अब्रू नसते. आमच्याकडं सभासदांची थकबाकी आहे. ती परदेशातल्या सर्व्हरवर टाकायची म्हणता? २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा आहे, आणि कायदा राहू दे, गाव लहान आहे. एकत्र मांडणी म्हणता तेव्हा आम्हाला वगळा.

शहापूरकर

नावं आणि खाते क्रमांक काढून टाकता येतात. सभासदाच्या जागी नुसता आकडा. खरं तुम्ही नको म्हणताय ते बरोबरच आहे, संचालक मंडळाच्या ठरावाशिवाय मी पण हात लावणार नाही.

खानापूरकर

सगळे रिपोर्टवर बसलाय. माझ्यासाठी याचा उपयोग वेगळाच आहे. खात्याकडनं येणारा प्रत्येक कागद कन्नडात. बोलायला येतं, बाजारापुरतं वाचता पण येतं, खरं सरकारी कन्नड म्हणजे दगड. आजवर दर नोटिशीला कुणाच्या तरी दारात जाऊन उभं राहायचं. आता फोटो काढतो, मराठीत सांग म्हणतो, सांगतो. हे मराठीत मिळावं म्हणून आमच्या आज्ज्यानं अर्ज केले, आमच्या बापानं केले. अर्ज चालूच राहू देत, तोवर हे काय वाईट आहे?

जुना हिशेबनीस

वाईट काही नाही. फक्त मुदतीची तारीख आणि रक्कम डोळ्यानं बघत जा. कन्नड आकड्यांतला सहा आणि नऊ सारखेच दिसतात, पुसट झेरॉक्सवर तर माणूससुद्धा फसतो. ६ तारीख ९ वाचली तर तीन दिवस गेले, आणि दंड भरताना फोन तुमच्या बाजूनं बोलायला येत नाही.

खानापूरकर

हे खरं हाय. मागच्याच महिन्यात क्षेत्रफळात तसं झालं होतं, उताऱ्यावरचे गुंठे चुकले. लक्षात आलं कारण जमीन माझीच, मला पाठ होती.

उद्यमबागकर

बरं. ऐकून मी एवढं बदलतोय: करांचं पान सीएंच्या सहीचं, तक्त्यांवर एकक प्रत्येक पानाला. बँकेत जाणारं स्टॉक स्टेटमेंट एआय लिहिणार नाही, ते मीच मोजून लिहीन. भावाचा आणि ग्राहकाचा रिपोर्ट मात्र तोच लिहील. तिथं मी मागं सरत नाही.

काका, रिजेक्शनचं तुम्ही म्हणालात ते डोक्यात बसलंय. काल रजिस्टर काढून वारानुसार लावलं. सोमवार नाही निघाला. शनिवारची शेवटची हीट निघाली.

जुना हिशेबनीस

शनिवारी तुमच्याकडं पगार असतो का?

उद्यमबागकर

असतो. चार वाजता.

जुना हिशेबनीस

मग या शनिवारी तीन वाजता मी येतो. रजिस्टर मूळचं काढून ठेवा, फोटो नकोत. आणि सुपरवायझरला आधी सांगू नका.