संशोधनातल्या उंदरांची डॉक्टर व्हायचंय

प्रश्न:
परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात इंटर्नशिप चालू आहे. गाई-म्हशी, कुत्री-मांजरं शिकून झाली, पण ओढ आहे ती विद्यापीठातल्या प्रयोगाच्या प्राण्यांची. घरचे म्हणतात, प्रयोगात मरणाऱ्यांना डॉक्टर कशाला?

उत्तर:
म्हणूनच तर हवा. मी ९ वर्षं हेच करतेय. पहिलं वर्ष नुसतं बघायला शिकण्यात गेलं. उंदीर दुखणं लपवतो. डोळे बारीक होतात, कान मागे जातात, केस पिंजारतात. सकाळी घरट्यासाठी दिलेला कागद तसाच पडलेला दिसला की मी त्या पिंजऱ्यापाशी थांबते. कुत्र्यासारखं शस्त्रक्रियेआधी त्याला उपाशी ठेवायचं नाही. उंदराला उलटी होतच नाही, उलट उपाशी राहिला तर रक्तातली साखर उतरते. भुलीखाली तो पटकन गार पडतो, म्हणून खाली ऊबदार पॅड. शेपटीला धरून उचलू नकोस, नळीतून किंवा ओंजळीत घे. एकदा 'निकाल बिघडेल' म्हणून एकाने वेदनाशामक गाळलं होतं. माझे हात कापत होते, पण प्रयोग थांबवला.

दुसरं उत्तर:
१९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि प्रयोगांविषयीचे १९९८ चे नियम आत्ताच वाचून ठेव. संस्थेच्या प्राणी नीतिसमितीत पशुवैद्य लागतोच, तिथे तुझा शब्द मोजला जातो.

प्रश्नकर्ती:
ताई, शेवटचं इंजेक्शनही आपणच द्यायचं?

उत्तर:
माझ्याकडे तरी हो. आधी दिवा मंद करते, बाकीचे पिंजरे दुसऱ्या खोलीत नेते.