वस्तू आठवते, मागचं दृश्य आठवत नाही: ईईजीत हे वेगळं दिसेल का?

बर्डीकर_एमएस्सी: प्रकल्पात 60 वस्तूंची चित्रं दाखवते, अर्धी नागपूरच्या फुटाळा तलावाच्या फोटोवर, अर्धी बर्डीच्या (सीताबर्डीच्या) बाजाराच्या. दहा मिनिटांनी तीच चित्रं 30 नव्यांत मिसळून, पांढऱ्या पडद्यावर. छत्री ओळखतात, पण ती तलावावर होती की बाजारात, तिथे अडतात. 32 चॅनेलचा ईईजी आहे, म्हणजे टाळूवरच्या इलेक्ट्रोडनी मेंदूचे विद्युत संकेत टिपणारं यंत्र. हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला आठवणींचा भाग, कोणत्या इलेक्ट्रोडवर बघू?

मेंदूवाला: ताई, कोणत्याच नाही. तो खोल आहे, शिवाय गुंडाळलेला. वस्तूची ओळख मुख्यतः पेरिरायनल भागात, दृश्याची पॅराहिप्पोकॅम्पलमध्ये (दोन्ही हिप्पोकॅम्पसशेजारचे भाग) आणि दोघांची गाठ हिप्पोकॅम्पसमध्ये, हे शोधणं एफएमआरआयचं, म्हणजे मेंदूतला रक्तप्रवाह दाखवणाऱ्या स्कॅनचं काम. तुम्हाला वेळेवरून बोलता येईल: 300 ते 500 मिलिसेकंदांत कपाळामागे मध्यभागी, म्हणजे एफझेड या इलेक्ट्रोडजवळ, नुसती ओळखीची खूण, 500 ते 800 मध्ये डावीकडे मागे पी3 या इलेक्ट्रोडच्या आसपास तपशिलासह आठवण. दृश्य बरोबर सांगितलं त्या वेळी दुसरी लाट मोठी मिळायला हवी.

गणित_आधी: मिळेलच असं नाही, कारण पर्याय दोनच. समजा 50 वस्तू ओळखल्या, 15 चं दृश्य चुकलं. मग बरोबर आलेल्या 35 मध्येही साधारण 15 नशिबाने लागलेले. खरी आठवण 20 चीच, त्यातले डोळे मिचकावल्याने संकेत बिघडलेले प्रयत्न गेले की सरासरी काढायला उरतं काय? दृश्यं चार करा, म्हणजे 15 चुकांमागे नशिबाचे पाचच. ‘सांगता येत नाही’ हेही बटण द्या. वस्तू 160, चाळीस-चाळीसच्या चार फेऱ्यांत. दृश्य बरोबर आणि दृश्य चूक, अशा प्रत्येक गटात 30 स्वच्छ प्रयत्न तरी हवेत. आणि होडी तलावावर ठेवू नका, न आठवताही बरोबर येते! कोणती वस्तू कोणत्या दृश्यावर, हे दर विद्यार्थ्याला फिरवा.

बर्डीकर_एमएस्सी: दृश्याऐवजी चार रंग चालतील? तयार करायला सोपं.

मेंदूवाला: चालतील, पण ‘ही छत्री केशरी आहे असं समजा’ म्हणालात तर रंग वस्तूचाच गुण होतो. मग नुसत्या ओळखीवरही रंग सांगता येतो आणि तुमचा फरकच पुसला जातो. रंग चौकटीला द्या.

कूलर_बंद: भाऊ, मे महिन्याचं कोणी बोललंच नाही. घाम आला की सगळी रेष संथ वरखाली वाहते. ती सपाट करायला हाय-पास, म्हणजे संथ बदल गाळणारा फिल्टर, 1 हर्ट्झवर नेलात तर 500 नंतरची लाट विकृत होते, 0.1 वरच ठेवा. खोली एसीने 23 अंशांवर आणा, डेझर्ट कूलर नको, ओलावा वाढतो. केस आदल्या रात्री धुवून, तेल न लावता यायला सांगा. तेलकट टाळूवर इम्पीडन्स (इलेक्ट्रोड आणि त्वचेमधला विद्युत अडथळा) 10 किलोओमखाली आणता आणता अर्धा तास जातो.