काळं पडलेलं अमाइन: स्वच्छ करून वापरावं की ओतून नवं भरावं? सल्ला हवा

चिमणीखालचा

नमस्कार मंडळी. रायगड जिल्ह्यातल्या एका केमिकल कारखान्यात प्रोसेसला आहे. कोळशाच्या बॉयलरच्या धुरातून कार्बन डायऑक्साइड काढून घेणारं छोटं युनिट आमच्याकडे आहे, दिवसाला १० टनांचं. द्रावण साधंच, पाण्यात ३० टक्के एमईए (मोनोइथेनॉलअमाइन, कार्बन डायऑक्साइड धरून ठेवणारं अमाइन). टाक्या, कॉलम, पाइप सगळं धरून २५ हजार लिटरच्या आसपास माल.

सुरुवातीला फिकट पिवळं असलेलं द्रावण आता काकवीसारखं झालंय. स्ट्रिपरमध्ये (द्रावण तापवून धरलेला वायू सोडवणारा कॉलम) फेस येतो, डीपी (कॉलमच्या वर-खालच्या दाबातला फरक) उड्या मारतो, मग शिफ्टवाले अँटीफोम ओततात. कार्बन फिल्टर नवा भरला की थोडे दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच. टनामागे वाफही जास्त लागायला लागलीय. लॅबचे आकडे: हीट स्टेबल सॉल्ट म्हणजे एचएसएस (तापवूनही न सुटणारे क्षार) ३.४ टक्के, लोह ७० पीपीएम, टायट्रेशनने अमाइन २७ टक्के.

एक व्हेंडर म्हणतो सगळं काढा नि नवं भरा. दुसरा आयन एक्स्चेंजचं स्किड (रेझिनवर क्षारांचे आयन धरणारं फिरतं युनिट) भाड्याने देतोय. तिसरा टँकरने माल नेऊन व्हॅक्यूम डिस्टिलेशन करून परत देणार. चौथ्याने इलेक्ट्रोडायलिसिसचं (विजेच्या जोरावर पडद्यातून आयन काढण्याचं) माहितीपत्रक पाठवलंय. मॅनेजमेंटचा एकच प्रश्न, 'स्वस्त कुठलं?' तुम्ही काय घ्याल?

आखातातले काका

आयन एक्स्चेंज घ्या. आमची सगळी नोकरी गॅस स्वीटनिंगमध्ये (गॅसमधले आम्लवायू काढण्यात) गेली, एमडीईएवर (दुसरं एक अमाइन) ही स्किडं चालताना डोळ्यांनी पाहिली आहेत. प्लांट बंद करावा लागत नाही, चालू लाइनमधूनच थोडी धार काढायची नि साफ करून परत सोडायची.

आणि त्या अँटीफोमला आवर घाला. गरजेपेक्षा जास्त पडलं की तेच फेस धरून ठेवतं. वर सिलिकॉनचं असेल तर कार्बन बेड त्यानेच भरून जातो. कार्बन नारळाच्या करवंटीचा आहे का? त्याची भोकं बारीक असतात, ही मोठी मोठी रेणूमंडळी आत जात नाहीत. कोळशापासून केलेला दाणेदार कार्बन मागवा, आणि त्याच्या पुढे-मागे दोन्हीकडे फिल्टर ठेवा, नाहीतर कार्बनची भुकटीच फेस करते.

लॅबवाली

काकांचं कार्बनबद्दलचं पटलं, पण स्किड ठरवायची घाई नको. आधी दोन प्रश्न. एचएसएस ३.४ टक्के म्हणजे कशाच्या हिशोबात? एमईए धरून की ऋणायनांचं वजन धरून? प्रत्येक लॅब वेगळं लिहिते. दुसरं, तो २७ चा आकडा. आम्लाने टायट्रेशन केलं की अल्कधर्मी जे जे असेल ते सगळं मोजलं जातं. एमईए मोडून तयार झालेली दुसरी अमाइनंही त्यात 'एमईए' म्हणूनच येतात. म्हणून टायट्रेशन छान दिसतं आणि प्लांट मात्र ओढत नाही.

एकच नमुना चांगल्या लॅबला द्या. कार्ल फिशर चाचणीने पाणी, क्रोमॅटोग्राफीने खरं एमईए, आयन क्रोमॅटोग्राफीने फॉर्मेट, ॲसिटेट, ऑक्झलेट, सल्फेट, नायट्रेट, क्लोराइड हे सगळे वेगवेगळे, आयसीपीने धातू, आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड. मग बेरीज करा. शंभराला जितकं कमी पडेल तो तुमचा खरा कचरा, आणि तो एचएसएसच्या रिपोर्टात कधीच दिसत नाही. रंगावरून काहीही ठरवू नका.

शिफ्ट-बी

लॅबवाली यांना +१. आमच्याकडे द्रावण काळंकुट्ट आहे आणि मजेत चालतंय.

बर्गनकर

नॉर्वेतून लिहितोय, कार्बन कॅप्चरच्याच क्षेत्रात आहे. काकांचा अनुभव खरा, फक्त तो एमडीईएचा आणि रिफायनरी-गॅस प्लांटचा आहे. तिथे स्ट्रिपरमधून निघालेल्या लीन अमाइनमध्ये आम्लवायू जवळपास उरतच नाही. धुरावरच्या एमईएत लीन लोडिंगच (अमाइनच्या मोलमागे उरलेला कार्बन डायऑक्साइड) ०.२ मोलच्या आसपास असतं. म्हणजे द्रावणात त्यापासून झालेले कार्बामेट आणि बायकार्बोनेटचे आयन भरपूर. रेझिनला फॉर्मेट कोण नि कार्बामेट कोण याच्याशी देणंघेणं नाही, तो दोघांनाही जागा देतो. रेझिन लवकर भरतो, कॉस्टिकने (कॉस्टिक सोडा) वारंवार रिजनरेशन लागतं, आणि ते खारट, नायट्रोजनवालं पाणी तुमच्या ईटीपीच्या (सांडपाणी प्रक्रिया युनिट) गळ्यात. इलेक्ट्रोडायलिसिसचंही तेच दुखणं: पडद्यातून कार्बामेट जातं आणि प्रोटॉन धरलेलं चांगलं अमाइनही निसटतं. शिवाय दोन्ही पद्धती फक्त आयन काढतात. विद्युतभार नसलेले मोठे रेणू जिथल्या तिथे.

एमईएला सोयीची गोष्ट म्हणजे ते १७० अंशांना उकळतं. एमडीईए २४७ ला, म्हणून त्याला व्हॅक्यूम लागतो. एमईएसाठी स्ट्रिपरच्याच दाबावर चालणारं साधं केटल रिक्लेमर पुरतं: लीनमधून बारीक धार घ्यायची, क्षारांत अडकलेलं अमाइन सुटावं म्हणून हिशोबाने कॉस्टिक घालायचं, उकळायचं. एमईए आणि पाण्याची वाफ परत स्ट्रिपरच्या तळाशी जाते, त्यामुळे उष्णता फुकट जात नाही. क्षार, धातू आणि जड रेणू खाली राहतात. इथल्या मोंगस्टाडच्या कार्बन कॅप्चर चाचणी केंद्रावर, जे २०१२ मध्ये सुरू झालं, एमईएच्या मोहिमांत थर्मल रिक्लेमिंगच वापरलंय.

चिमणीखालचा

लॅबवाली, रिपोर्ट आला. ३.४ हे ऋणायनांचं वजन होतं. बेरीज अशी: पाणी ६२.५, खरं एमईए २४, कार्बन डायऑक्साइड ३.५, ऋणायन ३.४. एकूण ९३.४. म्हणजे साडेसहा टक्के 'दुसरंच काहीतरी'. ऋणायनांत सल्फेट सगळ्यात जास्त, त्याखालोखाल फॉर्मेट. साहेबांना दाखवलं तर म्हणाले, टायट्रेशनच करत जा, त्यात आकडा बरा येतो.

लॅबवाली

साहेब थोर आहेत. साडेसहा टक्के आयन एक्स्चेंजने हलणार नाहीत, त्यामुळे निदान तो प्रश्न मिटला.

आप्पा फिटर

एवढं सगळं कशाला? थोडा कॉस्टिक मारा, अडकलेलं अमाइन मोकळं होतं, गंज कमी होतो. आमच्याकडे असंच चालतं.

बर्गनकर

आप्पा, अमाइन मोकळं होतं हे खरं. पण क्षार जात नाहीत, नुसते सोडियमचे होऊन तिथेच बसतात. पुढे एक्स्चेंजरमध्ये सोडियमचा साका धरला की ट्यूब साफ करायला तुम्हालाच बोलावतील. रिक्लेमिंग ठरलंय, मधले काही आठवडे काढायचेत, तर ठीक.

हिशेबी

सगळे घाण कशी काढायची ते सांगताहेत, येते कुठून ते कोणी विचारत नाही. सल्फेट वर आहे म्हणजे तुमचा सल्फर डायऑक्साइड थेट ॲब्सॉर्बरमध्ये (धुरातला वायू द्रावणात शोषला जातो तो कॉलम) शिरतोय. गणित करा. धुरात १०० पीपीएम सल्फर डायऑक्साइड, १२ टक्के कार्बन डायऑक्साइड, ९० टक्के पकड. दिवसाला १० टन पकडताना त्याच धुरातून साडेतेरा किलोच्या आसपास सल्फर डायऑक्साइड येणार. तो सगळा शोषला जाऊन सल्फेट झाला तर प्रत्येक रेणू एमईएचे दोन रेणू अडकवतो. म्हणजे रोज जवळजवळ २५ किलो एमईए. याच वेगाने येत राहिलं तर रिक्लेमर कितीही मोठा घ्या, तो फक्त पळत राहील.

ॲब्सॉर्बरच्या आधी कॉस्टिकचा छोटा स्क्रबर टाका आणि १० पीपीएमच्या खाली आणा. राखही तिथेच अडवा. कॅनडात सॅस्काचेवानच्या बाउंडरी डॅम या कोळशाच्या वीजकेंद्रात २०१४ ला कार्बन पकडण्याचा एवढा मोठा प्रकल्प सुरू झाला आणि उडत्या राखेने, द्रावण अपेक्षेपेक्षा लवकर बिघडण्याने त्यांना वर्षानुवर्षं छळलं. आपल्याकडची खतकारखान्यांची उदाहरणं देऊन कोणी व्हेंडर भुलवेल, उत्तर प्रदेशात आंवला नि फुलपूरला २००६ पासून चालतंय वगैरे. तिथला धूर नैसर्गिक वायूवरच्या रिफॉर्मरचा, तुमच्या मानाने फारच स्वच्छ. तुम्हाला जवळचं उदाहरण तुतिकोरिनचं, तिथे २०१६ मध्ये कोळशाच्या बॉयलरच्या धुरातून पकडून सोडा ॲश करायला सुरुवात झाली.

आणि जाता जाता: लीन टाकीवर नायट्रोजन ब्लँकेट (हवा आत येऊ नये म्हणून नायट्रोजनचं आवरण) आहे का? लोह ७० पीपीएम असताना ऑक्सिजन मिळाला की एमईए झपाट्याने जळतं, लोह उत्प्रेरकाचं काम करतं. रिबॉयलरमध्ये द्रावण १२० अंशांच्या वर नेऊ नका.

मॅनिफेस्टवाली

पर्यावरण सल्लागार म्हणून थोडं. टँकरने माल बाहेर पाठवून शुद्ध करून घेणं दिसतं तेवढं सोपं नाही. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेलं अमाइन बाहेर दिलं की प्रत्येक फेरीला फॉर्म १० चं मॅनिफेस्ट (कचऱ्याच्या वाहतुकीचा कागद) लागतं, आणि घेणाऱ्याकडे नियम ९ खाली नेमक्या त्याच कचऱ्याचा वापर करण्याची परवानगी हवी. 'आमच्याकडे सॉल्व्हंट रिकव्हरीची परवानगी आहे' एवढ्यावर समाधान मानू नका, कागद बघा. परराज्यात जात असेल तर दोन्हीकडच्या प्रदूषण नियंत्रण मंडळांचं बघावं लागतं.

स्वतःच्या आवारात रिक्लेमर चालवलात तर बाहेर जाणारा माल खूप कमी होतो, पण केटलच्या तळाचा गाळ घातकच. एमपीसीबीच्या (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ) कन्सेंटमध्ये तो आधी नोंदवून घ्या, ९० दिवसांपेक्षा जास्त साठवू नका, तुम्हाला तळोज्याची घातक कचऱ्याची साइट जवळ पडेल. नायट्रोजन नि सोडियम दोन्ही जास्त असतात, त्यामुळे भट्टीवाले आधी नमुना मागतील. सगळं काढून नवं भरलंत तर पंचवीसच्या पंचवीस हजार लिटरची ही यातायात.

बर्गनकर

गाळ हाताळणाऱ्यांना साधे रबरी हातमोजे देऊ नका. धुरातल्या नायट्रोजन डायऑक्साइडमुळे नायट्रोसामाइन तयार होऊन द्रावणात साठतात, त्यांतले बरेच कर्करोगकारक मानले जातात. इथल्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने नायट्रोसामाइन-नायट्रामाइन मिळून हवेसाठी घनमीटरला ०.३ नॅनोग्रॅम आणि पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला ४ नॅनोग्रॅम अशी मर्यादा सुचवली आहे. यावरून काय ते समजा. रसायनरोधक हातमोजे, फेसशील्ड, आणि गाळ बंद ड्रममध्येच.

आखातातले काका

बरं, एमईएवर केटल, मान्य. पण विकत घ्यायच्या आधी व्हेंडरला २०० लिटरचा एक ड्रम द्या. आधीची नि नंतरची तपासणी तुमच्या लॅबची, त्याची नाही. करारात पैसे 'प्रक्रिया केलेल्या लिटरवर' लिहू नका, 'परत मिळालेल्या शुद्ध एमईएच्या किलोवर' लिहा.

चिमणीखालचा

सर्वांचे आभार. ठरलं ते असं: आधी कॉस्टिक स्क्रबर आणि नायट्रोजन ब्लँकेट, मग छोटं केटल, बॅच पद्धतीचं, ३१६ एल स्टेनलेस स्टीलमध्ये इथेच बनवून घेणार. आमचं सर्क्युलेशन तासाला ८ घनमीटर. एक टक्का धार घेतली तर तासाला ८० लिटर, म्हणजे सगळा माल एकदा फिरायला तेरा दिवस. आयन एक्स्चेंजवाल्याला नाही कळवलं. एकच शंका: बॅच थांबवायची कधी, आणि रिबॉयलरचीच ३ बारची वाफ केटलला चालेल का?

बर्गनकर

३ बारची पुरणार नाही. जड माल साठत जातो तसं केटलचं तापमान चढतं, १० बारची तरी वाफ द्या. १५० अंशांच्या आसपास गेलं की धार बंद, मग नुसतं पाणी सोडून उरलेलं एमईए उडवून घ्या. त्यापुढे ओढलंत तर केटलमध्येच नवी घाण तयार होते.

आप्पा फिटर

आणि ड्रेनला दोन इंची लाइन देऊ नका, चार इंची द्या, पाइप गरम ठेवणाऱ्या ट्रेसिंगसकट. गाळ गरम असतानाच पाणी मारून काढायचा. रात्री तसाच ठेवला तर सकाळी मॅनहोल उघडून खरवडायला आम्हालाच आत उतरवतात.